कानबाईची मोडलेली वाट

आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. कलशावर नारळ, त्याला डोळे, नथ, नवं लुगडं. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू दळायचे आणि त्याचाच रोट करायचा. तो भाऊबंदांनीच खायचा, उरू द्यायचा नाही. आमच्या घरात दोन नावांचे गहू निघत. एक माझे, एक मुलाचे.

मुलगा एकच होता. मार्गशीर्षात त्याचं लग्न धरलं होतं. त्या साली कानबाईच्या रविवारी पहाटे त्याला पटकी लागली. आदल्या रात्री मीच देवीला सांगून ठेवलं होतं की पुढल्या साली सून रोट करील. संध्याकाळी चुलीवर कढई होती तशीच राहिली. भाऊबंदांनी रोटाचं पीठ मातीत पुरलं.

सणाच्या दिवशी घरात मौत झाली की सण मोडतो. मग त्याच सणाला घरात मूल जन्मावं किंवा गाय व्यावी, तेव्हाच तो परत सुरू होतो. तोवर कानबाई बसवायची नाही. गल्लीत सगळ्यांच्या घरी रात्रभर गाणी चालत. आमची बायको दार लावून घ्यायची आणि आतून, ओठ न हलवता, तीच गाणी म्हणायची. तिला देवी घरात परत हवी होती. पोरगा गेला ते तिनं सोसलं, पण देवीनं आपल्या घराकडे पाठ केली हे तिला सोसवत नव्हतं.

मला ते बघवेना. मूल आता होणार नव्हतं. गाय होती. मी शिकलो दुसरी यत्ता, पण बोटांवर हिशेब पक्का. नऊ महिने नऊ दिवस मागे मोजून मी गाय वळूकडे नेली. पहिल्या साली ती नारळी पौर्णिमा उलटल्यावर व्याली. दुसऱ्या साली अधिक महिना आला, तो मी धरलाच नव्हता. गाय व्याली तेव्हा कानबाईला अजून महिना होता. चुलतभाऊ गल्लीभर हसत सांगत फिरला की नानानं देवीला मुहूर्त काढून दिलाय. मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. आणि तिसऱ्या साली पुन्हा दावं धरून निघालो.

तेव्हा बायको गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "तिले येवानं व्हई तवय ती येई. चाकर शे का ती तुम्हनी?"

मी गाय परत बांधली. तिचं पटलं म्हणून नाही. तिचा चेहरा पाहिला म्हणून.

त्यानंतर ती कितीतरी श्रावण तशीच दार लावून बसली. दुसरी जागतिक लढाई सुरू झाली त्या साली, थंडीत, तापानं गेली. शुद्धीवर होती तोवर तिनं मला एवढंच बजावलं की देवी आली तर तिला दारातून परत पाठवू नका.

मी हिशेब सोडला होता. गाय गुराख्याबरोबर रानात जायची, तिथं कधी फळली मला ठाऊक नाही. दोन वर्षांनी कानबाईच्या रविवारी दुपारी चुलतभावाची बायको गोठ्याकडून पळत आली. डोक्यावरचा पदरसुद्धा सावरला नव्हता. "नाना, उनी ती, कानबाई उनी."

वासरू ओलं होतं, गाय चाटत होती. आता कोणासाठी आली, हे मला देवीला विचारायचं होतं. जिनं वाट पाहिली तिच्यासाठी दोन वर्षं आधी का नाही? लोक म्हणतात, देवाच्या मनातलं समजून घ्यावं. मला समजलं नाही, आजही समजत नाही. पण आलेली बाई दारात उभी होती, आणि तिला परत पाठवायचं नव्हतं.

भावजय म्हणाली, रोट मी करून देते. मी नको म्हटलं. बायकोची नथ काढून नारळाला घातली. सुपात हात घातला आणि सव्वा मूठ गहू जात्यात टाकले. हात सवयीनं पुन्हा सुपात गेला. तो मी रिकामाच बाहेर काढला.

रोट जाड झाला, कडेला करपला. एकट्यानंच खाल्ला. उरू द्यायचा नसतो.