तेलाचा वार

"तेल ज्याचं, उजेड त्याचा." केदारखेड्यात भिवा हे इतक्या वेळा बोलायचा, की तो दिसला की पोरं त्याच्या आधीच म्हणून मोकळी व्हायची. तो रागवायचा नाही. "बराबर," म्हणायचा आणि पुढं चालायचा.

जालन्याच्या जिनिंगमध्ये सरकी उपसता उपसता तो एका सोबत्याकडून अक्षरं शिकला. गावी परतला आणि विहाराच्या ओट्यावर त्यानं मोठ्या माणसांचा संध्याकाळचा वर्ग मांडला. वर्गामागं ना सरकार होतं, ना कुठली संस्था. होता एक कंदील, आणि घराघराला वाटून दिलेला तेलाचा वार. ज्या घराचा वार, त्या घरची बाई बाटलीत घासलेट आणायची, राखेनं काच घासायची, वात सारखी करायची आणि कंदिलाला लागून बसायची. त्या दिवशी तो मान तिचा. असं बारा वर्षं चाललं. किती बायांना त्या उजेडात आपलं नाव पहिल्यांदा दिसलं, ते भिवानं कधी मोजलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या गांधीजयंतीपासून सरकारनं प्रौढशिक्षणाचं मोठं काम काढलं. केदारखेड्याला केंद्र मिळालं. पाट्या आल्या, पुस्तकं आली, नवा कंदील आला, घासलेटही आलं. शिकवणाऱ्याला मानधन होतं, पण माणूस शाळा शिकलेलं पाहिजे होतं. भिवाजवळ शाळेचा कागद नव्हता. त्यानं आपणहून भाचीचं नाव सांगितलं. सत्यशीला, त्याच्या बहिणीची पोर, भोकरदनला राहून मॅट्रिक झालेली.

पहिल्या दिवशी सत्यशीलाला आनंद मावत नव्हता. ती बायांना म्हणाली, "आता तेल आणू नका. सरकार देतंय." भिवा कोपऱ्यात उभा होता. त्यानं तोंड उघडलं, भाचीच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि शब्द गिळला.

ज्वारी निसवली तोवर ओटा निम्मा रिकामा झाला. कापूस वेचणी उरकल्यावर तिघी-चौघीच उरल्या. तालुक्याहून येणारे पर्यवेक्षक जाता जाता म्हणाले, "बाई, गुरुवारी पुन्हा येतो. असंच दिसलं तर केंद्र दुसऱ्या गावाला द्यावं लागेल."

बारा वर्षांचा वर्ग आपल्या हातात येऊन मोडणार! सत्यशीला तशीच मामाच्या अंगणात गेली. भिवा अंबाडीचा दोर वळत बसला होता.

"मामा, माझ्या हातून सगळं बुडून राह्यलं."

"बस आधी. पाणी पी."

"बाया का येत न्हाईत? मी वाईट शिकवते का?"

"माझ्यापेक्षा चांगलं शिकवती. म्या भिंतीमागं उभं राहून ऐकलंय."

"चोरून?"

"मंग काय, सरकारला अर्ज करून ऐकू?"

डोळ्यांत पाणी असताना ती हसली. भिवानं दोराचा पीळ पायाच्या अंगठ्यात धरला.

"तू तेल बंद केलं, बाई. आधी झुंबरची सासू तिला हाकलून लावायची, आपलं तेल जळून राह्यलंय, जाय, बसून ये. आता म्हणते, सरकारचं तेल हाये ना, जळू दे. तू भाकरी थाप."

"मंग त्याच दिवशी का न्हाई सांगितलं?"

"तुझा पहिला दिवस होता. चारचौघींत तुला खोडलं असतं, तर मंग तुला मास्तरीण कोण म्हणलं असतं?"

दुसऱ्या दिवशी सत्यशीला घरोघर फिरली. झुंबरबाईच्या दारात सासू तुळजाबाई शेंगा फोडत होती.

"काय गं? सरकारनं इतक्यात हात वर केले का?"

"न्हाई, आजी. पण सरकारचा कंदील एकच. मागं बसणारीला अक्षर दिसत न्हाई. मामाचा जुना कंदील लावू म्हणते. त्याला तेल तुमचं लागंल."

म्हातारी सावरून बसली. "असं बोल की मंग! आमचा वार कोणता?"

"गुरुवार."

"ए झुंबर! बाटली धुऊन ठेव. अन् मी बी येते. आपलं तेल बराबर जळतंय का, बघाया नको?"

गुरुवारी दिवस मावळायला ओटा गच्च भरला. पोरं मांडीवर घेऊन आलेल्या, शेतातून तशाच आलेल्या, साऱ्या सरकून सरकून बसल्या. झुंबरबाईनं जुन्या कंदिलाची काच चकाचक केली. भिवानं तो खुंटीला लावला, वात खालीवर करून पाहिली आणि ओट्याखाली उतरला. पूर्णा नदीकडच्या रस्त्यानं पर्यवेक्षकांची सायकल येताना दिसत होती.

"भिवा, बस की," तुळजाबाई म्हणाली. "आमच्यासाठी मास्तर तूच."

"म्हणून तर चाललो, काकू. सायबानं इचारलं, इथं शिकवतं कोण, तर तुम्ही साऱ्या माझ्याकडं बघताल."

"मामा, थांब ना," सत्यशीला हलकंच म्हणाली.

"आज माझी न्हाई, तुझी शाळा हाये," म्हणत त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि गल्लीला लागला.

तो सावकाश चालला होता. वाटेत कुणाच्या तरी वासराला थोपटून पुढं गेला. मागं वळला नाही. झुंबरबाई बघत होती, तुळजाबाई डोळ्यांवर हात धरून बघत होती, साऱ्या जणी पाट्या मांडीवर तशाच ठेवून बघत होत्या. सत्यशीलाच्या हातात खडू होता. सायकलची घंटा जवळ आली, तरी तिनं कुणाला 'इकडं लक्ष द्या' म्हटलं नाही.