कोंबड्यांना संध्याकाळ कोण सांगतं?

"कोंबड्यांचं कोण बघणार?" हे टीपकाकूंचं हुकमाचं पान होतं. लग्नाला या, मुक्कामाला या, चार दिवस हवापालट करा, कुणी काहीही म्हणो, काकू हे पान टाकायच्या आणि समोरचा गप्प बसायचा. खरं तर त्यांना परक्या अंथरुणावर झोप लागत नसे, आणि दुसऱ्याच्या घरी हातावर हात धरून बसायचं म्हटलं की जीव कासावीस व्हायचा. पण हे सांगितलं की लोक समजूत घालायला बसतात. कोंबड्यांचं नाव घेतलं की मात्र बोलणंच खुंटतं.

धंद्यानं काकू शिंपीण. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत मशीन, मागे भिंत घातलेलं अंगण. कुणी काही उसवलेलं आणलं की "थांबा, एक टीप मारून देते" म्हणायच्या, त्यावरून गल्लीनं त्यांचं नावच टीपकाकू पाडलं. अंगणातल्या चार कोंबड्यांची नावंही धंद्यातलीच: गुंडी, चुणी, झालर आणि अस्तर. अस्तर दिसायला अगदी साधी, पण अंडी तिचीच सगळ्यांत मोठी, आणि त्याचा काकूंना कोण अभिमान.

आणि मग थोरल्या बहिणीच्या डोळ्याचा पडदा सुटला. ताई दुसऱ्या गावी एकटी राहायची. ऑपरेशन ठरलं. नंतर काही दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, कारण चांगला डोळा हलला की दुखराही त्याच्या मागे हलतो. ताईनं फोन केला.

"तू ये असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "तुझ्या कोंबड्यांना विचार. त्या हो म्हणाल्या तर ये."

हे काकूंना लागलं, आणि लागण्यासारखंच होतं. ताईचा नवरा गेला तेव्हा काकू सकाळच्या गाडीनं गेल्या होत्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या होत्या. कारण तेच. ताईनं तेव्हा अवाक्षर काढलं नाही, पण पुढे कितीतरी महिने ती फोनवर फक्त हवापाण्याचं बोलत होती. या वेळी गेलं नाही तर तेवढंही बोलणं उरणार नाही, हे काकूंना कळत होतं.

झालं, शोधाशोध सुरू. वरच्या मजल्यावरची पोस्टातली बाई कोंबडीची चोच बघूनच दोन पावलं मागे सरकली. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं जबाबदारी आनंदानं घेतली, पण घेताना "सूप कसं करतात हो?" असं विचारलं, आणि तिथंच तो बाद झाला. शेवटी उरला शेजारच्या दुकानातला सायकलवाला. माणूस सरळ, हाताला स्वस्थता नाही, आणि जगातली कुठलीही गोष्ट खोलून परत जोडता येते यावर त्याची श्रद्धा.

काकूंनी त्याची चांगली शिकवणी घेतली. पाणी कुठल्या भांड्यात, शिंपल्याचा चुरा किती बारीक, खुराड्याची कडी कशी लागते. चुणीला आधी दाणे टाकायचे नाहीत, ती शेफारते.

"काकू, मी अख्खी गिअरची सायकल खोलून जोडतो," सायकलवाला म्हणाला. "ही तर चार पाखरं."

"बोलू नका, ऐका. अंधार पडायच्या आत खुराड्यात घ्यायच्या. भिंतीवर तो पिवळा बोका येऊन बसतो."

"घ्यायच्या कशा?"

"घ्यायच्या काय त्यात? आपल्या आपण जातात."

सगळं सांगून झालं होतं, फक्त त्या आत कशानं जातात हेच सांगायचं राहिलं. पण जी गोष्ट काकूंना स्वतःलाच माहीत नव्हती, ती त्या कुठून सांगणार?

काकू पोचल्या त्याच दिवशी ताईचं ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आणल्यावर ती पट्टी बांधून पलंगावर पडून राहायची आणि काकू शेजारी बसून तिच्या खिडक्यांच्या पडद्यांना दुमड घालायच्या. शिवणाचा पसारा त्यांनी सोबत आणलाच होता, नाहीतर दिवस कसा गेला असता? बोलणं जेवणाखाणापुरतंच होतं. पण ताईनं एकदा पाणी मागताना त्यांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला, आणि काकूंना ते फार बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सायकलवाल्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"काकू, त्या आत जात नाहीत. चौघी अंगणातल्या झाडावर. शिडी लावून तिघींना उतरवलं, हात ओरबाडून निघाले. अस्तर काही हाताला लागली नाही. ती रात्रभर वर होती."

"आहे ना?" काकूंनी घाईनं विचारलं.

"आहे. पण भिंतीखाली तिच्या शेपटीची पिसं सापडली."

"मग दिवसाउजेडीच कोंडा त्यांना."

"धरायला गेलं की चौघी चार दिशांना पळतात. तुम्ही काय म्हणता त्यांना?"

"काही म्हणत नाही."

"काहीतरी म्हणत असालच."

काकूंनी डोक्याला ताण दिला. त्या खरंच काही म्हणत नसत. सायकलवाल्यानं मात्र हार मानली नाही. त्या संध्याकाळी त्यानं काकूंचा कामाचा ॲप्रन अंगात घातला, आतल्या मशीनवर बसून पायडल मारलं, बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या, दार आपटलं, खाकरून बघितलं. अर्धी गल्ली भिंतीवरून मजा बघत होती आणि चौघी कोंबड्या झाडावरून. दाणे दाखवले तर खाली उतरल्या, खाल्ले, आणि पुन्हा वर. शिडी पुन्हा आली, आणि अस्तर पुन्हा वरच राहिली. बोका भिंतीवरून हलला नाही.

तिसऱ्या दिवशी फोनवर हे ऐकून काकूंनी बॅग काढली. एका मुक्या जिवाला आपण बोक्याच्या तोंडी देऊन आलो, हे त्यांच्या मनातून जाईना.

"उद्या सकाळच्या गाडीनं जाते," त्या म्हणाल्या. "कोंबड्या..."

"माझी पट्टी परवा निघणार आहे," ताई म्हणाली. "जा तू. पट्टी काढल्यावर दिसलं काय आणि नाही दिसलं काय, बघायला कुणी असायलाच हवं असं थोडंच आहे?"

काकूंना रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही गिळून त्या पडद्याची उरलेली दुमड घालत बसल्या. उन्हं कलली. नेहमीप्रमाणे त्यांनी सुई खोचली, दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि खुर्चीखालून, दारापर्यंत जमिनीवरून फिरवलं. ही त्यांची जुनी सवय. फार मागे एक कोंबडी अंगणात पडलेली टाचणी गिळून मेली होती. तेव्हापासून दिवस संपला की पडलेल्या टाचण्या वेचायच्या, पत्र्याच्या डबीत टाकायच्या, आणि झाकण नीट बसावं म्हणून डबी दोनदा हलवायची. काकूंनी डबी हलवली. खुळखुळ, खुळखुळ.

"झाली का संध्याकाळ?" ताई पलंगावरून म्हणाली. "दिवा लाव मग."

काकूंचा हात तसाच राहिला. "तुला गं कसं कळलं? तुला तर दिसत नाही."

"मला या पट्टीच्या आत सकाळ आणि दुपार सारखीच. पण तू ती डबी खुळखुळवलीस की समजायचं, संपला दिवस. आल्यापासून रोज ऐकतेय."

काकू हातातल्या डबीकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं रोज पुढच्या खोलीतून चुंबक फिरवत त्या अंगणाच्या दारापर्यंत जायच्या, तिथं डबी हलवायच्या, आणि मान वर करून बघावं तर कोंबड्या खुराड्यात. त्यांना वाटायचं, किती शहाण्या आहेत, वेळ झाली की आपोआप कळतं. आणि ती डबी तर इथं त्यांच्या हातात होती.

त्यांनी फोन लावला. "सायकलवाले, अंगणात आहात? फोनचा आवाज मोठा करा आणि खुराड्यावर ठेवा. का म्हणून विचारू नका."

पलीकडे फोन पत्र्यावर ठेवल्याचा आवाज आला. काकूंनी डबी फोनजवळ धरली आणि दोनदा हलवली. काहीच ऐकू येईना. पलंगावर ताई कोपरावर उठून बसली होती. मग पंखांची फडफड, पुन्हा फडफड, आणि सायकलवाल्याचं हसू.

"आल्या हो काकू. चौघी. अस्तर सगळ्यांत पुढे. कडी लावली."

काकूंनी फोन खाली ठेवला. "ऐकलंस ना?" त्या ताईला म्हणाल्या.

"ऐकलं. म्हणजे मी आणि तुझ्या कोंबड्या एकाच वर्गातल्या," ताई म्हणाली, आणि दोघी बहिणी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसल्या. डॉक्टरांनी तिला हलायला मनाई केली होती, हे नंतर आठवलं.

बॅग पुन्हा पलंगाखाली गेली. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना काकू डबी घेऊन फोनशी बसल्या, तर सायकलवाल्याचाच फोन आला.

"राहू द्या काकू, त्रास घेऊ नका. मी आपला सायकलच्या छर्ऱ्यांचा डबा वाजवून बघितला. गेल्या की आत. त्यांना कुठलाही डबा चालतो."

काकूंनी "बरं झालं" म्हटलं आणि फोन ठेवला. बरं झालंच होतं, पण आत कुठेतरी खट्टू वाटलं. इतक्या वर्षांचा लळा, आणि शेवटी छर्ऱ्यांच्या एका डब्यावर भागलं. आता जायची घाई नव्हती, आणि उद्यापासून कुणी मुक्कामाला बोलावलं तर काय कारण सांगायचं, हाही प्रश्न होता.

"काय म्हणाला?" ताईनं विचारलं.

"म्हणाला, कोंबड्यांना दुसरा डबाही चालतो."

ताईनं पलंगाच्या कडेवर हात चाचपडत फिरवला. काकूंनी आपला हात तिथं ठेवला, तसा तिनं तो घट्ट धरला.

"त्यांना चालत असेल," ताई म्हणाली. "मला नाही चालत. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं, तू संध्याकाळच्या गाडीला निघालीस तेव्हा."

दुसऱ्या हातानं त्यांनी डबी उचलली आणि हळूच हलवली.

"संध्याकाळ झाली ताई," त्या म्हणाल्या. "मी इथंच आहे."