कथा दाराशी आली आहे

माझ्या पत्नीला यातले अर्धे ठाऊक होते. उरलेले अर्धे मी तिलाही सांगितले नाही, आणि ती गेल्यावर सांगण्याजोगे कोणी राहिले नाही. तेव्हा ते आता तुम्हांला सांगतो. तुमची-माझी ओळख नाही – कदाचित म्हणूनच जमेल.

पण आधी मला माझ्या सातवीच्या वर्गाविषयी बोलू द्या. मी टाळतो आहे, हे मला कळते. तरीही बोलू द्या, कारण त्या वर्गाचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

सत्तरच्या आसपासचा तो काळ. मी वेदपाठशाळेत शिकलेला, कलकत्त्याच्या एका इंग्रजी शाळेत संस्कृत शिकवणारा मराठी माणूस. मुले मला बंगाली रिवाजाप्रमाणे ‘पंडितमोशाय’ म्हणत. शहरात रोज काही ना काही पेटत होते; आज बंद, उद्या मोर्चा. अशात आमचे इंग्रजीचे शिक्षक सत्राच्या मध्यावर नोकरी सोडून दिल्लीला निघून गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावले आणि सातवीचे वाचन-संभाषणाचे तास माझ्या हाती दिले. त्या वर्षी नेमलेल्या वाचनमालेत नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांतल्या कथा होत्या. मी म्हणालो, “बाई, मला आफ्रिकेतले काय कळते?” त्या म्हणाल्या, “पंडितमोशाय, मुलांनाही काही कळत नाही. त्यांच्याबरोबरच शिका.”

मी शिकलो. आणि मी ते कसे शिकलो, तिथेच माझा अपराध आहे.

शहराच्या दक्षिणेला बेहाला नावाच्या भागात आम्ही राहत होतो; तिथे आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक आफ्रिकी विद्यार्थी भाड्याने राहत असे. घाना देशातला, शिष्यवृत्तीवर अभियांत्रिकी शिकायला आलेला. त्याचे नाव कोफी. ट्रामच्या थांब्यावर मीच त्याला गाठले, पुस्तक पुढे केले आणि विचारले, या कथा तुमच्याकडे अशाच सांगतात का? त्याने दोन पाने वाचली आणि तो हसला. म्हणाला, “पंडितजी, या कथा इथे झोपल्या आहेत. आमच्याकडे त्या उभ्या असतात.”

मग तो दर रविवारी सकाळी आमच्याकडे येऊ लागला. त्याच्या आजीच्या कथा होत्या त्या – नदी भोपळ्यात कोंडून ठेवणारी म्हातारी, पावसाशी भांडायला गेलेले कासव. पण कथेच्या आधी एक हाक असे. सांगणारा म्हणायचा, “कथा दाराशी आली आहे!” आणि ऐकणाऱ्यांनी एका आवाजात म्हणायचे, “आत येऊ दे, जागा आहे!” हे उत्तर आल्यावाचून त्याच्या गावी कोणी कथा सुरू करत नसे. मी त्याला विचारले, कधीच नाही का? तो म्हणाला, “वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगायची असेल, तर हाक न देता सांगतात. त्याच्याकडे घर कुठे असते?”

मी थरारून गेलो होतो. आमच्या पाठशाळेत संथा अशीच असे – गुरुजींनी एकदा म्हणायचे, शिष्यांनी दोनदा. स्वर हलला तरी चालायचे नाही. समुद्रापलीकडच्या एका म्हातारीने आणि माझ्या गुरुजींनी एकच रहस्य जाणले होते: शब्द आधी कानात बसला पाहिजे, मग डोळ्यांत. मी वर्गात पुस्तके मिटायला लावली. हाक त्याच्या भाषेत शिकवली, मग इंग्रजीत. पहिल्याच दिवशी मुलांना बजावले, आफ्रिका म्हणजे एक गाव नव्हे. तिथे इतक्या भाषा आहेत की डोंगराअलीकडच्या माणसाला पलीकडचा कळत नाही, माणसागणिक चेहरा वेगळा, रीत वेगळी. मग संथा सुरू. मी एकदा, ती दोनदा. महिन्याभरात तो वर्ग असा बोलू लागला की शेजारच्या वर्गातले शिक्षक दाराशी येऊन उभे राहत. फोर्ट विल्यममधून येणारी लष्करी अधिकाऱ्यांची मुले, बेहालाच्या कारखानदारांची मुले, आमच्या बदलीवर आलेल्या मराठी बँकवाल्यांची मुले – सगळ्यांच्या इंग्रजीला एकच कणा आला.

आणि मिठू. शाळेच्या पटावर तिचे नाव शर्मिष्ठा, पण सगळे तिला मिठूच म्हणत. ही मुलगी दोन वर्षे वर्गात कुजबुजण्यापलीकडे बोलली नव्हती. एके दिवशी मी तिला हाक द्यायला उभे केले. ती उभी राहिली – आणि मग जी हाक आली, ती मी आजही ऐकू शकतो. सबंध वर्ग उत्तर द्यायचे विसरला. ते मी घडवले. खोटी विनयशीलता मला जमत नाही. ते मी घडवले.

पण कोफी बसत असे कुठे?

व्हरांड्यात. आमच्या घरी रविवारी पूजेचे सोवळे असे, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले आणि त्याने मान डोलावली. त्याच्यासाठी एक काचेचा पेला निराळा ठेवला होता – तो घरातल्या पितळी भांड्यांत मिसळायचा नाही. पाणी पिऊन झाले की तो स्वतःच नळाखाली पेला विसळायचा आणि खिडकीच्या कठड्यावर उपडा ठेवायचा. हे करायला त्याला कोणी सांगितले नव्हते. पत्नी मला आतून म्हणायची, “अहो, कथा तेवढी आत आणता, माणूस मात्र बाहेर. देवाला काय, कथा सोवळ्यातली वाटते?” मी तिला गप्प बसवत असे. ती गप्प बसत नसे. “ऊन वर आलंय हो व्हरांड्यात,” ती मुद्दाम मोठ्याने म्हणायची, “तुमच्या गुरुजींना सावलीत तरी घ्या!”

गुरुजी. ती चेष्टेत म्हणायची, पण खरे तेच होते, नाही का?

हा अर्धा भाग तिला ठाऊक होता. आता उरलेला.

सरस्वतीपूजा जवळ आली. शाळेतली पूजा दरवर्षी मीच सांगत असे, आणि नंतर सर्वांना एका पंगतीत खिचडीचा भोग. त्या वर्षी सातवीच्या मुलांनी देवीपुढे कोफीची कथा सादर करायचे ठरले. कथा कोणाकडून येतात, हे मुलांनी माझ्याकडून काढून घेतले होते; कोफीला न पाहताच ती त्याला कोफीदादा म्हणत. त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे हट्ट धरला, कोफीदादांना बोलवा. बाई आनंदाने मला म्हणाल्या, “प्रमुख पाहुणे तेच. पंगतीत तुमच्या शेजारीच बसवू त्यांना.”

आणि कोफीची एकच इच्छा होती. ती त्याने मला आधीच सांगितली होती, अवघडून, बुटाची नाडी बांधता बांधता. घर सोडल्यापासून त्याने ती हाक पुष्कळदा मनात दिली होती. पण पुष्कळांचे एका आवाजातले उत्तर ऐकले नव्हते; व्हरांड्यात ते देणारा मी एकटाच. “तुमची मुले जेव्हा म्हणतील,” तो म्हणाला, “तेव्हा मला मागे कुठेतरी उभे राहू द्या.” मागे कुठेतरी – तो पंगत मागत नव्हता. त्याने पाटही मागितला नव्हता.

मला कशाची भीती होती? धर्माची? नाही. मी शास्त्र शिकलेला माणूस आहे. देवीच्या प्रसादाला कोण चालतो आणि कोण चालत नाही, याचा शोध घेतला असता तर मी हरलो असतो, हे मला ठाऊक होते – म्हणून तो मी घेतला नाही. मला भीती होती माणसांची. कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळींच्या घरी मुंजी, सत्यनारायण, गणपती सगळे माझ्या हातून होत. त्यांची मुले त्या वर्गात होती, ते सगळे पूजेला येणार होते. माझ्या मांडीला मांडी लावून कोफी जेवतो आहे, असे त्यांनी पाहिले तर? कुणी कदाचित काहीच म्हटले नसते. तेवढाही धीर मला झाला नाही.

मी बाईंना सांगितले, तो आपल्या देशी परत गेला.

मुलांना वाईट वाटले. एकाने विचारले, “न सांगताच गेले?” मी म्हणालो, घरून तातडीचे बोलावणे आले. पहिले खोटे एकटे राहत नाही. त्याला सोबत लागते. आणि कोफीला सांगितले, की कार्यक्रम रद्द झाला, शहरातले वातावरण बरे नाही. वातावरण खरोखरच बरे नव्हते. ते माझ्या कामी आले.

कार्यक्रम अपूर्व झाला. मिठूने हाक दिली आणि देवीच्या मंडपात सगळ्या मुलांनी, पालकांनीसुद्धा, उत्तर दिले – आत येऊ दे, जागा आहे! बाईंनी सर्वांसमोर माझा गौरव केला. म्हणाल्या, ही पंडितमोशायांची पद्धत. मी हात जोडले. ही पद्धत अर्धी दुसऱ्याची आहे, असे तिथे म्हणायला एक वाक्य पुरले असते.

इथेच हे संपले असते तर मी ते मनात ठेवून सरणावर गेलो असतो. पण चार-सहा दिवसांनी मिठू धावत माझ्याकडे आली. पाड्यात – म्हणजे तिच्या मोहल्ल्यात – ती मैत्रिणींबरोबर खेळता खेळता ती हाक देत होती, आणि रस्त्याने जाणाऱ्या एका आफ्रिकी माणसाने थांबून उत्तर दिले. त्याच्या मूळ भाषेत. “पंडितमोशाय, कोफीदादा गेलेच नाहीत! ते शब्द दुसऱ्या कोणाला कसे येतील?”

तिचा चेहरा उजळला होता. मला एवढेच म्हणायचे होते, की हो बाळ, मी चुकलो. मी काय म्हणालो?

मी म्हणालो, “तो दुसरा कोणी असेल. ती माणसे सगळी सारखीच दिसतात. सारखीच बोलतात.”

ती म्हणाली, “पण तुम्हीच म्हणाला होतात –” आणि थांबली. इतके महिने मी तिला हेच शिकवले होते: गुरू म्हणेल ते, तसेच, स्वर न हलवता. तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिने मला अभिमानाने सांगितले, की तो माणूस पुन्हा भेटला आणि आपणच कोफी आहोत असे म्हणू लागला. “मी त्यांना सांगितलं, नाही, तुम्ही ते नाही. आमचे पंडितमोशाय म्हणाले, ते देशी गेले. तुम्ही सगळे सारखेच दिसता.” स्पष्ट आवाजात, एक शब्दही न चुकता. माझीच विद्यार्थिनी.

त्या रविवारी कोफी येणार नाही, असे मला वाटले. तो नेहमीच्या वेळी आला. व्हरांड्यात बसला. मी पाणी आणून दिले. तो मला काहीतरी विचारेल म्हणून मी उभाच राहिलो. त्याने एक कथा सांगितली – लांब, सुंदर, त्याच्या सर्व कथांत उत्तम. पण हाक न देता. सरळ पहिल्या वाक्यापासून.

कथा संपल्यावर त्याने पेला विसळला, कठड्यावर उपडा ठेवला, मला नमस्कार केला आणि तो गेला. पुन्हा आला नाही. पत्नीने पुष्कळ दिवस विचारले, काय झाले, परीक्षा आहे का त्याची? मी म्हणालो, असेल. ट्रामच्या थांब्यावर मला तो नंतर दिसत असे. मी पुढची ट्राम धरायचो.

ती शेवटची कथाही मी वर्गात शिकवली. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी, हाकेसकट.

मागे कधीतरी जुन्या विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. मिठू आता स्वतः शिक्षिका आहे. तिचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो. तिने सर्वांना आमच्या कोफीदादांची गोष्ट सांगितली – ज्यांनी पंडितमोशायांना दोन-चार कथा दिल्या आणि मग जे न सांगता आपल्या देशी निघून गेले. मग ती माझ्याकडे वळली आणि तिने हाक दिली, तीच, स्वर न हलवता.

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. गळ्यात हार होता. सर्वांबरोबर मीही मोठ्याने म्हणालो – आत येऊ दे, जागा आहे.