हळदीची रेघ

परदेशी विद्यार्थ्यांची तेव्हा इतकी गर्दी झाली होती, की इकडे आमच्या गिरावीन उपनगरात आमच्यासारख्यांच्या घरातलीही मागची खोली रिकामी राहत नसे. आमच्याकडे साताऱ्याची एक मुलगी आली, बायॉलॉजीत बॅचलर करायला. मला मावशी म्हणायची. माझी शाळा सातवीतच सुटली, पुढचं जे काय ते हाती येईल ते वाचून शिकले. त्यामुळे घरात शिकणारं कुणी असलं की मला बरं वाटतं. चहा घेऊन समोर बसायचं आणि आज काय शिकवलं ते विचारायचं.

पण ही गप्प गप्पच असायची. पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीत नापास झाली होती, आणि घरी सांगितलं होतं, "पास झाले बाबा, सगळं छान चाललंय." फोन स्वयंपाकघरात, त्यामुळे हे माझ्या कानावरून गेलेलं. परक्या मुलखात एकटं लेकरू, त्याला कुठे टोचायचं?

दुसऱ्या सेमिस्टरला युनीनं, म्हणजे तिच्या युनिव्हर्सिटीनं, नवंच काढलं. प्रॅक्टिकलला ठरलेला प्रयोग नाही. प्रत्येकानं आपला प्रश्न आपणच शोधायचा आणि आपणच तपासायचा.

"मावशी, प्रश्न कुठून आणू?" ती रडकुंडीला आलेली.

मी ओट्यावर मुंग्यांसाठी हळदीची रेघ ओढत होते. म्हटलं, "हा घे की. मुंग्या हळद ओलांडतात का?"

"ओलांडतात?"

"छे! लग्न झाल्यापासून ओढतेय मी. हिंमत आहे का त्यांची!"

तिनं मागच्या अंगणात बशा मांडल्या. प्रत्येकीत साखर, एकीभोवती हळद, एकीभोवती तांदळाचं पीठ, एकीभोवती काहीच नाही. युनीतून आली की तिथे उकिडवी बसायची. आमचे हे खिडकीतून ओरडायचे, "काय गं, आले का पाहुणे जेवायला?"

आले ना. हळदीपाशी जरा घुटमळले आणि सरळ वरून गेले. पिठावरूनही तसेच. मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, हळद जुनी असेल. शेजारच्या पेंडल हिलच्या भारतीय दुकानातून ताजी आणवली. ताजीवरूनही गेले.

मुलगी घाबरली. तिकडे साताऱ्याला बारावीपर्यंत तिला उत्तर आधीच ठाऊक असायचं. रीडिंग जुळलं नाही तर जुळवून लिहायचं, सगळेच लिहायचे.

"मुंग्या थांबल्या असंच लिहिते मावशी. तुम्हीही तेच म्हणालात ना? आता परत नापास झाले तर गाशा गुंडाळून घरीच जावं लागेल."

हळद माझीच. "पण थांबल्या नाहीत ना गं," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती युनीतून आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात.

"प्रॅक्टिकलच्या मॅडमना सांगितलं, माझा प्रयोग चुकला. तर म्हणाल्या, चुकला म्हणजे? काय झालं ते सांग. मी सांगितलं. मावशी, त्या खुर्ची ओढून बसल्या! म्हणे, आधी घुटमळल्या का? पहिली कुठून गेली? मला कधी कुणी असं विचारलंच नव्हतं."

"आणि मार्कांचं?"

"जे झालं ते नीट लिही, म्हणाल्या. मार्क त्यालाच."

मी चहा पुढे ठेवला. तिनं तो घेतला नाही. फोनकार्ड काढून घरचा नंबर फिरवला.

"बाबा, मी खोटं बोलले होते. केमिस्ट्रीत नापास झाले मी."

माझ्या कुकरची शिट्टी व्हायला आलेली. मी पटकन गॅस बंद केला.

"नाही बाबा, अभ्यास करत होते. लेक्चरमधलं इंग्रजीच कळत नव्हतं... नाही, कुणालाच नाही विचारलं. लाज वाटायची." मग ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. "हो. सांगते. पहिल्यापासून सांगते."

मी बाहेर जाऊन बशांपाशी बसले. आत ती बोलत राहिली. कुकर मी पुन्हा लावला तो तिचं सगळं सांगून झाल्यावरच.