रेडिओवरची सवत

पॅरिसच्या आमच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी रेडिओवर एक जुना फ्रेंच कार्यक्रम लागतो. श्रोते प्रश्न पाठवतात, टेबलाभोवतीची मंडळी मुद्दाम चुकीची उत्तरं देतात आणि खिदळत सुटतात. आमचे हे जन्माने इथलेच, फ्रेंच; भाजी चिरता चिरता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात.

"काय झालं हो?"

"अगं, सांगून मजा नाही."

माझ्या विनोदाला मात्र मेलं नुसतं "हं" मिळतं! परक्या भाषेत बाजार करता येतो, भांडताही येतं. हसू सगळ्यात शेवटी येतं. तोवर आपण आपल्याच घरात पाहुणे.

काल नागपूरहून बहिणीचा फोन आला. मी ओटा धरून हसत होते. ह्यांनी रेडिओचा आवाज कमी केला.

"काय झालं गं?"

"सांगून मजा नाही."

ह्यांनी रेडिओच बंद केला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.