भुकेल्या जिवांचा तराजू

प्रयोगशाळेत तिला सगळे उपाशीताई म्हणत. ही बाई उपाशी राहणाऱ्यांतली मुळीच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ती आली की शेजारचे लोक आपापल्या डब्यावर हात ठेवत, आणि तरीही तिचा चमचा कुठून तरी आत शिरेच. नाव पडलं ते कामामुळे. दुसऱ्यांना उपाशी ठेवणं हाच तिचा धंदा होता.

गोष्ट जुनी आहे, बटण दाबलं की आकडा दाखवणारी यंत्रं यायच्या आधीची. अन्नात जीवनसत्त्वं किती आहेत ते मोजायची ती प्रयोगशाळा. दूध, अंडी, पीठ, मासे, बाळांच्या डब्यातली भुकटी, जनावराचं यकृत, आणि कधी कधी इस्पितळातून आलेलं माणसाचं रक्त, असं काय काय तिथे बर्फात बसून यायचं. बाकीच्या टेबलांवरचं काम बघायला सोपं होतं. कुणी निळा रंग थेंबथेंब टाकत बसे आणि गुलाबी छटा टिकली की थांबे; कुणी काळोख करून विशिष्ट दिव्याखाली नळी धरे आणि ती कशी चमकते ते पाही. उपाशीताईच्या वाट्याला आलं होतं बी ट्वेल्व्ह. ते रक्तात इतकं कमी असतं की त्याचा रंग दिसत नाही, वजन तर विचारूच नका. मोठ्या पोहण्याच्या तलावात तांदळाच्या एका दाण्याएवढं टाकून ढवळलं, तर तेवढ्या पातळ पाण्यातलं ते शोधायचं. कोण शोधणार?

शोधायचे जंतू. दही लावणाऱ्या जंतूंच्या भाऊबंदांतलेच हे एक घराणं. त्यांना जगायला बी ट्वेल्व्ह लागतं आणि ते स्वतः बनवता येत नाही, आपल्यासारखंच. उपाशीताई त्यांना सांभाळी, वाढवी, आणि मोजणीच्या आदल्या दिवशी स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन मागच्या जेवणाचा कणही अंगाला राहू देत नसे. मग नळ्यांत त्यांच्यापुढे सगळं ताट वाढायचं. साखर, क्षार, काय हवं ते. फक्त बी ट्वेल्व्ह नाही. त्यात ज्याचं माप काढायचं त्याचा चार थेंब अर्क घालायचा आणि नळ्या उबेत ठेवून द्यायच्या. अर्कात बी ट्वेल्व्ह असेल तर जंतू वाढतात, नळी गढूळ होते. जितकं जास्त, तितकी गढूळ. नसेल तर भरल्या ताटावर बसून ते उपाशी राहतात आणि नळी सकाळी काचेसारखी स्वच्छ सापडते.

नोकरी लागली तेव्हा हे पहिल्यांदा पाहून ती स्टुलावर बसली ती उठेचना. वरिष्ठ बाईंनी विचारलं, "काय गं, चक्कर आली का?" ती म्हणाली, "नाही हो. पण यांना कळतं कसं?" बाई हसून म्हणाल्या, "ते मला कळलं असतं तर मी इथे नळ्या घासत बसले असते का?" पुढे केस पांढरे झाले, तरी रोज सकाळी उबेची पेटी उघडताना तिला तोच प्रश्न पडायचा. देवळात जाणाऱ्याला जे होत असेल ते तिला त्या पेटीपाशी होत असे, असं म्हटलं तरी चालेल.

अशा जंतूंपुढे निष्काळजीपणा चालत नाही. नळ्या उकळून, भाजून घ्यायच्या. आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. एकदा नव्या आलेल्या एका हुशार माणसाने टेबलापाशी उभं राहून ताकदीची, म्हणजे जीवनसत्त्वांची, गोळी कुडुमकुडुम चावून खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी ज्या कोऱ्या नळीत काहीच उगवायला नको तीसुद्धा गढूळ! उपाशीताईने त्याची अशी काही हजेरी घेतली की तो पुढे महिनाभर तिच्या टेबलाला वळसा घालून जाई.

घरी ती आणि तिचे अण्णा, एवढीच माणसं. वडील कुलपांचे कारागीर. उभा जन्म लोकांची दारं उघडण्यात गेला. किल्ली हरवली, कपाट अडलं, तिजोरी रुसली की अण्णांना बोलावणं. डोळे मिटून, कान लावून ते कुलपाशी बोलल्यासारखे बसत आणि कुलूप उघडे. तेच अण्णा आता स्वतःच्या दारासमोर हातात किल्ली धरून उभे राहू लागले. ती कुठल्या बाजूने घालायची ते आठवेना. पाय बधिर झाले, चालताना भिंत धरावी लागे. दोनदा हरवले. एकदा तर मागच्याच गल्लीत सापडले, एका परक्या जिन्यावर बसलेले, आणि "घर कुठंय?" म्हटलं तर लाजून हसले.

"वय झालं गं त्यांचं," दादा म्हणाला. तिचा थोरला भाऊ, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा. माणूस वाईट नव्हता. "तू दिवसभर कामावर. एखाद्या दिवशी गाडीखाली आले म्हणजे? मी एक वृद्धाश्रम बघितलाय. दाराला कुलूप असतं, माणसं चांगली आहेत. एक जागा रिकामी झालीय, शनिवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय."

दाराला कुलूप. अण्णांच्या दाराला बाहेरून कुलूप!  पण दादाचंही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना अण्णांचं तोंड पोळलं. "बघू," म्हणून तिने जीभ बाहेर काढायला लावली, आणि बघतच राहिली. जीभ लालभडक आणि गुळगुळीत, बी ट्वेल्व्ह कमी पडलं की होते तशी; पाय बधिर होणं, विसरणं हेही त्यातलंच. आणि मग तिला आठवलं की कितीतरी वर्षांपूर्वी व्रणापायी अण्णांचं अर्धं पोट कापून काढलं होतं. बी ट्वेल्व्ह अंगात शिरायला पोटाची मदत लागते. पोटच नसेल तर माणूस पंगतीला बसूनही उपाशी. तिच्या नळ्यांतल्या जंतूंसारखाच! इतकी वर्षं ती जे काचेत बघत होती ते तिच्यासमोर पाटावर जेवत होतं, आणि तिला पत्ता नव्हता.

तसं असेल तर औषध होतं. नुसती इंजेक्शनं. आणि तसं नसेल, खरंच मेंदू झिजत चालला असेल, तर काहीच नव्हतं. जगात कुणी आपल्या माणसाच्या अंगात काही कमी निघावं म्हणून नवस बोलला नसेल. उपाशीताई मनातल्या मनात तेच मागत होती.

डॉक्टरीणबाईंनी रक्त काढून दिलं. "इंजेक्शन मी आजही देऊ शकते," त्या म्हणाल्या, "पण विहीर भरल्यावर ती आधी कोरडी होती का ते कळत नाही. जन्मभर द्यायचं की नाही ते ठरवायला हवं. आधी मोज."

तिने मोजलं. सकाळी पेटी उघडली. बाकीच्या नळ्या आपापल्या मापाने गढूळ, आणि अण्णांची नळी स्वच्छ. इतकी स्वच्छ की पलीकडची खिडकी दिसत होती. तिने तिथूनच दादाला फोन लावला. "दादा, नाही म्हणून सांग त्यांना! अण्णा बरे होणार!" फोनवर दादासारखा दादा रडला.

संध्याकाळी घरी आली तर अण्णा खोकत होते. गेले काही दिवस छाती भरली होती. तिने सवयीने पाण्याचा पेला भरला, गोळ्यांची पट्टी उचलली, एक गोळी फोडली आणि हात तिथेच थांबला.

अँटिबायोटिक. जंतू मारायची गोळी. ती रोज स्वतःच्या हाताने देत होती.

इस्पितळातून रक्त घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला उपाशीताई पहिला प्रश्न हाच विचारी: अँटिबायोटिक चालू आहे का? कारण रक्तात ते असलं तर जंतू उपासाने नाही, विषाने मरतात. आणि नळी दोन्ही वेळा सारखीच स्वच्छ दिसते. परक्यांना न चुकता विचारलं, आणि घरच्या माणसाच्या वेळी मात्र लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्वच्छ नळी हवी होती म्हणून ती स्वच्छ दिसली आणि पुढे विचारच केला नाही. तिने गोळी अण्णांना दिली. द्यायलाच हवी होती, छाती भरली होती. 

खरं-खोटं करायची एक रीत होती. अण्णांच्या अर्काची दुसरी नळी घ्यायची आणि तिच्यात मुद्दाम, मोजून, बी ट्वेल्व्हचा थेंब घालायचा. जंतू नुसते उपाशी असतील तर तो थेंब मिळताच वाढतील. विष असेल तर कितीही वाढा, जेवणार कोण? तिने उरलेल्या रक्तावर तसं केलं, आणि दुसऱ्या सकाळी थेंब घातलेली नळीही खिडकी दाखवत उभी होती. म्हणजे पहिल्या मोजणीला काही अर्थच नव्हता.

दादाला पुन्हा फोन करणं हे तिने आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम.  तो म्हणाला, "म्हणजे आपल्याला काहीच माहीत नाही."

"नाही."

"जागा अजून गेली नाही. मी शनिवारची मुदत आणखी दोन आठवडे पुढे ढकलून घेतो. पण ताई, या वेळी मला नक्की सांग. अर्धवट आशा नको आता."

लहान बहिणीला तो एरवी ताई म्हणत नसे.

गोळ्या संपल्या. खोकला गेला. औषध अंगातून जायला डॉक्टरीणबाईंनी मध्ये अवकाश ठेवला आणि पुन्हा रक्त काढलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. उपाशीताईने या वेळी नळ्या लावल्या, पण वाचायला स्वतःचे डोळे वापरायचे नाहीत असं ठरवलं. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या काढून खुणेचे ठिपके दिले आणि शेजारच्या टेबलावरच्या दूधवाल्याला हाक मारली. हा दुधातलं अ जीवनसत्त्व मोजायचा म्हणून दूधवाला. आडनाव बहुधा त्याच्या बायकोलाच ठाऊक असेल.

मुदतीच्या शनिवारी सकाळी तो पेटीपुढे वाकला. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"ही कोण, ती कोण, काही सांगणार आहेस का?"

"नाही. तू फक्त वाच. मोठ्याने."

"हिरवा ठिपका," दूधवाला म्हणाला, "स्वच्छ. एकदम कोरी. धुऊन ठेवलीस की काय?"

ती अण्णांची होती. 

"आणि लाल?"

"लाल..." त्याने नळी दिव्यासमोर धरली असावी, कारण तो थोडा थांबला. "लाल मस्त गढूळ. पेज झालीय नुसती. अगं, काय झालं? रडायला काय झालं?"

लाल म्हणजे थेंब घातलेली. जंतू जिवंत होते. त्यांना कुणी मारलं नव्हतं. एक थेंब मिळताच ते रातोरात कोटींनी वाढले होते, आणि शेजारच्या नळीत भरल्या ताटासमोर तसेच बसून राहिले होते, कारण अण्णांच्या रक्तात त्यांच्यासाठी काहीही नव्हतं. डोळ्यांनाही न दिसणाऱ्या त्या जिवांनी तिच्या बापाची भूक ओळखली होती. उपाशीताईने दोन्ही नळ्या हातात घेतल्या आणि नमस्कार केल्यासारख्या कपाळाला लावल्या. दूधवाला हसला नाही.

बी ट्वेल्व्ह बाटलीत लाल असतं, माणकासारखं. पहिलं इंजेक्शन घेताना अण्णा सुईकडे बघत म्हणाले, "सरबत आहे का?" डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पाय किती सुधारतील ते सांगता येत नाही, मन बहुतेक परत येईल, पण हळूहळू. तसंच झालं. आधी जिभेची आग गेली. मग भिंत न धरता चार पावलं. मग एक दिवस त्यांनी किल्ली घातली, फिरवली, दार उघडलं आणि आत गेले, आणि आपण काही विशेष केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं. दादा दर रविवारी येऊन त्यांच्याशी पत्ते खेळे आणि हरला की खूश होई.

आणि मग एका सकाळी उपाशीताई कामावर निघाली तेव्हा अण्णा कपाटासमोर बसले होते. मांडीवर एक बायकी शाल होती.

आजारपणात त्यांनी तिच्या आईचं नावही काढलं नव्हतं. सगळ्यांना ते बरंच वाटलं होतं. म्हाताऱ्याला तेवढा तरी आराम. उगाच आठवण कशाला करून द्या?

"तुझी आई पावसाळ्यात गेली ना गं?" त्यांनी विचारलं. "मी बाहेर होतो. कुणाचं तरी कुलूप अडलं होतं. मला यायला उशीर झाला."

"हो, अण्णा."

"मी विसरलो होतो. एवढे दिवस मी तिला विसरलो होतो, पोरी!" आणि ते शालीत तोंड लपवून रडू लागले, आई गेली त्या दिवशी रडले होते तसे.

उपाशीताई दारात उभी राहिली. बापाचं रडणं बघून तिचं काळीज तुटत होतं, आणि त्याच वेळी अंगावर काटा आला होता. डोळ्यांना दिसणार नाही, वजनात धरता येणार नाही, एवढंसं काहीतरी अंगात कमी होतं, आणि त्याच्याबरोबर हा माणूस आपल्या बायकोचं दुःखही हरवून बसला होता. एवढंसं परत मिळालं, आणि ते दुःख जसंच्या तसं परत आलं. ते मोजायची नळी तिच्याकडे नव्हती.

तिने चपला काढल्या, कामावर उशिरा येते म्हणून कळवलं, आणि अण्णांशेजारी जमिनीवर बसली. मग दोघं मिळून आईसाठी रडली.