तार काढलेली रायफल

माझं सध्याचं पोस्टिंग नोव्हाय, मिशिगन. पलटणीतून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो, पुढे बायको गेली आणि मुलाने ग्रीन कार्ड करून मला इकडे आणलं. रूटीन मात्र बदललेलं नाही. सहाला उठणं, दाढी, चहा, कॉलनीला दोन फेऱ्या. बर्फ असेल तर गॅरेजमध्येच पीटी. सून म्हणते, अण्णा, इथे फॉल-इन कोणी घेत नाही. मी म्हणतो, म्हणूनच तर वेळेवर उठायचं.

मुलगा नितीन गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो. हात लावेल ती वस्तू चकचकीत करून सोडणार. त्याच्या गॅरेजमध्ये पानासुद्धा पुसल्याशिवाय खणात जात नाही. हे वळण माझं. लहानपणी त्याच्या शाळेच्या बुटांचं इन्स्पेक्शन मी रोज घ्यायचो, आणि त्याचा अभिमान मी चारचौघांत बिनदिक्कत मिरवत आलो.

सत्तरी पूर्ण झाली त्या शनिवारी त्याने मला गाडीत बसवलं आणि निम्म्या वाटेत सांगितलं की मागे डिकीत रायफल आहे. जुन्या हत्यारांच्या एका प्रदर्शनात त्याला थ्री-नॉट-थ्री दिसली होती. तिच्यावर आपल्या ईशापूरच्या शस्त्र कारखान्याचा शिक्का होता. मी रंगरूट असताना याच रायफलीवर शिकलो हे त्याला ठाऊक होतं. रीतसर चौकशी होऊन ती त्याच्या नावावर झाली, आणि गेले काही महिने बेसमेंटमध्ये, माझ्या नकळत, तो तिची डागडुजी करत होता.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण जीव टांगणीला लागला तो त्याच क्षणी. मागे पोलिसांची गाडी दिसली की मी ताठ बसत होतो.

"अण्णा, चिल. सगळं लीगल आहे," नितीन म्हणाला.

लीगल असेलच. माझी काळजी वेगळी होती. आयुष्यभर मी जे हत्यार उचललं ते कोतातून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातून, सही करून. त्याआधी हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मररने ते तपासलेलं असायचं. या रायफलीला पास कोणी केलं होतं? मी विचारलं, तर नितीन म्हणाला, मीच चेक केली, बॅरल आतून आरशासारखं आहे. ब्रेकच्या बाबतीत त्याच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. रायफलीच्या बाबतीत ठेवावा की नाही, ते कळेना.

रेंज उघड्यावर होती, मक्याच्या शेतांना लागून. तिथली रेंज ऑफिसर लिंडा नावाची साठीची बाई. आवाज आमच्या सुभेदार मेजरला लाजवेल असा. तिने नियम सांगितले, कानावर लावायला मफ दिले, आणि आम्ही कडेच्या बेंचवर पेटी उघडली.

मला भरून आलं. तीच लांबी, तोच तोल, बटाला तेच पितळ, समईसारखं घासलेलं. मी काडतूस आत ढकलून धरणारा बोल्ट काढला, फुलतरू ओढला, म्हणजे नळीतून दोरीने चिंदी फिरवली, आणि नळी उजेडाला धरली. स्वच्छ होती. मग नंबर पाहिले. बॉडीवर एक नंबर, बोल्टवर दुसरा. ज्या रायफलीचा बोल्ट त्याच रायफलीला लागतो. दुसरीचा बसवला तर आर्मररने माप घेऊन पास करावा लागतो, नाहीतर काडतूस आत नीट धरलं जात नाही. नितीनला सांगितलं. विकणारा म्हणाला होता की असं बऱ्याच जुन्या रायफलींचं असतं. तेही खोटं नव्हतं.

मी ठरवलं, पहिली गोळी मी मारणार. काही व्हायचं असेल तर सत्तरीतल्या माणसाचं होऊ दे. नितीनच्या मनात नेमकं याच्या उलट होतं.

"पहिली मी मारतो. टेस्ट. मग तुम्ही हव्या तेवढ्या मारा."

लिंडाने फायरचा हुकूम दिला होता आणि फायरिंग लाइनवर वाद घालायचा नसतो. तो बसला. त्याने एक काडतूस भरलं, बट खांद्याला लावला, गाल टेकवला. मी कोचसारखा त्याच्या उजव्या बाजूला बसलो. त्याची डावी पकड फार पुढे गेली होती. ती मागे घ्यावी म्हणून मी पुढच्या लाकडावर हात ठेवला.

बोटांना काहीतरी लागलं. डोळ्यांना ते लाकूड गुळगुळीत दिसत होतं. बोटांना मात्र आडव्या बारीक रेघा लागत होत्या, एकीला लागून एक, थेट मॅगझिनच्या पुढपर्यंत. या रेघा कशाच्या ते मला माहीत होतं.

मी म्हणालो, थांब. त्याच्या कानावर मफ. मी ओरडलो, "खाली कर!" आजूबाजूला दोन रायफली वाजत होत्या. त्याचं बोट ट्रिगरवर पहिल्या दाबापर्यंत आलेलं मला दिसलं. मी त्याच्या खांद्यावरून हात घालून बोल्टची मूठ वर उचलली. मूठ वर असली की ही रायफल सुटत नाही. मी ती मागे खेचली आणि काडतूस बाहेर पडलं.

"सीज फायर!" लिंडा कडाडली. सगळी लाइन थंड पडली.

नितीनचा चेहरा लाल झाला होता. "अण्णा, लोडेड गनवर असं झडप घालतात का? आपल्याला हाकलतील इथून."

त्याचं बरोबर होतं. माझ्या रंगरुटाने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर ग्राउंडला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. मी एकच विचारलं, "या लाकडावरून तू काय काढलंस?"

"तार होती. तांब्याची, काळीहिरवी पडलेली. मला वाटलं फुटलेलं लाकूड कोणीतरी बांधून ठेवलंय. घाण दिसत होती. ती काढली, पॉलिशपेपर मारला, तेलाचे हात दिले."

फोनवर त्याने आधीचा फोटो दाखवला. ती जी. एफ. रायफल होती, ग्रेनेड फेकायची. अशा रायफलीच्या तोंडावर कप बसवतात, कपात ग्रेनेड ठेवतात आणि नुसत्या दारूच्या, गोळी नसलेल्या काडतुसाने ते उडवतात. प्रत्येक ग्रेनेडला रायफलीची हाडं खिळखिळी होतात. म्हणून तिच्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळून कथलाचा डाग देतात. उद्या ती फुटली तरी लाकडाच्या ढलप्या हातात घुसू नयेत एवढ्यासाठी. पलटणीत ती तार पाहिली की रंगरूटही ओळखतो, या रायफलीतून साधी गोळी मारायची नाही. जीवावरच बेतलं तर गोष्ट वेगळी. माझ्या मुलाने इन्स्पेक्शनला शोभेल अशी सफाई केली होती आणि त्यात ती सूचना पुसून टाकली होती. हे वळणही माझंच.

मी लिंडाला मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने रेघांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. वाढदिवसाच्या भेटीचं असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं.

"कदाचित काही झालंही नसतं," नितीन म्हणाला.

लिंडानेच तोड काढली. जुन्या रायफली तिचा नवरा टायरला बांधून तपासायचा. तिने लाइन रिकामी केली. आम्ही रायफल टायरला आवळली, ट्रिगरला दोरी बांधली आणि काँक्रीटच्या भिंतीआड गेलो. दोरी नितीनने ओढली.

आवाज नेहमीचाच झाला. रायफल जागच्या जागी होती. नितीनने माझ्याकडे पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. थोडं थांबून आम्ही जवळ गेलो. बोल्ट उघडेना. तळव्याने ठोकून उघडला. काडतुसाच्या केसला, पितळी कवचाला, बुडाजवळ गोल चीर गेली होती आणि ती धुराने काळी झाली होती. मॅगझिनच्या पुढे, जिथे मी नितीनचा डावा हात मागे आणणार होतो, तिथलं लाकूड उभं तडकलं होतं.

नितीनने केस हातात घेतली. चिरेवर नख फिरवलं. मग म्हणाला, "तुमच्या पलटणीत अशी रायफल कोण वापरायचं?"

मी घरी हे कधी सांगितलं नव्हतं. त्या बेंचवर बसून सांगितलं.

लान्स नायक सदाशिव खोत. माझ्या सेक्शनचा जी. एफ. रायफलवाला. मी तेव्हा हवालदार होतो, पूर्वेकडच्या डोंगरात. गस्तीवरून परतताना, उजाडायच्या सुमारास, आमच्यावर वरून फायर आला. एक जण मांडीत गोळी लागून पडला. खाली नाल्यात उतरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी वायरलेस सेटवर रिपोर्ट दिला.

"कॉन्टॅक्ट. एक जखमी. मागे येतोय. ओव्हर."

"रॉजर. मदत निघाली. आउट."

सदाला मी म्हणालो, ग्रेनेड टाक, संपले की मागे ये. तो म्हणाला, "उस्ताद, तुम्ही जखमीला घ्या. मी हाय हितं."

आम्ही उतरत होतो. त्याचे ग्रेनेड फुटत होते, मग संपले. आता तो येईल म्हणून मी मागे पाहिलं. तो आला नाही. थ्री-नॉट-थ्रीचा आवाज आला. मग पुन्हा. आमच्या बाकीच्या रायफलींहून तो आवाज वेगळा, लगेच ओळखू येतो. सदा त्या तार गुंडाळलेल्या रायफलीतून गोळ्या मारत होता. मी हाका मारल्या. त्याला ऐकू गेल्या की नाही, माहीत नाही. आम्ही नाल्यात पोहोचेपर्यंत तो आवाज चालू होता. नंतर थांबला. संध्याकाळी आम्ही त्याला खाली आणलं.

वरून येणाऱ्या गोळ्यांसमोर तो थांबला, एवढंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ती चिरलेली केस पाहिली तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक गोळीला त्याने आपला गाल त्या रायफलीला लावला होता.

"त्यांना रूल माहीत होता?" नितीनने विचारलं.

"माहीत होता," मी म्हणालो. "तो धडा त्याला मीच शिकवला होता."

त्या दिवशी सेक्शनमधले सदा सोडून आम्ही सगळे जिवंत उतरलो. नितीनचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला.